दुरून सांभाळलेली आई

धाकट्या भाऊजींचं आईवर इतकं प्रेम, की ते परदेशातून एका काळ्या डब्यात भरून आलं. सासूबाईंचा जुना, जाड रिसीव्हरचा फोन त्या डब्याला जोडायचा, डबा इंटरनेटला जोडायचा, की झालं. सूत्रं सगळी भाऊजींकडे. आईला कुणाचा फोन आला, ती किती वेळ बोलली, हे त्यांना तिकडे बसल्या जागी दिसायचं. शेजारीण म्हणायची, असा मुलगा मिळायला पुण्याई लागते. लागतच असेल. आईला भेटायला मात्र विमान लागतं, आणि ते काही भाऊजींना इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या मावशी, रोज संध्याकाळी फोन करायच्या. दोघी भांडायच्या, अगदी मनापासून. मग एकाएकी ते फोन थांबले. सासूबाई फोनशेजारची खुर्ची सोडेनात.

"फुगली असेल. फुगू दे. धाकटी आहे, तिनंच करावा."

मोबाईलवर बोला म्हटलं, तर तो आवाज त्यांच्या कानाला लागत नाही. आणि आपण होऊन फोन करणं मानाला सोसत नाही.

बाजारात मावशींची सून भेटली. तीच रागावलेली. "तुमचा फोन कायम एंगेज कसा हो? सासूबाई रोज लावतात. सोमवारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. सगळ्यांशी बोलून झालं, ताईंशी तेवढं राहिलंय."

एंगेज? आमच्याकडे तर तो मुका होऊन बसला होता.

मी शाळेच्या कचेरीत कॉम्प्युटरवरच असते, त्यामुळे डब्याचं सेटिंगचं पान उघडणं जड गेलं नाही. पासवर्ड डब्याच्या बुडाला छापलेला, तोच. नेटवर्कमधले एवढे मोठे साहेब, पण कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगलेली. न घ्यायच्या नंबरांत एकच नंबर होता. मावशींचा.

मी तो काढला आणि त्यांच्या सुनेला कळवलं. संध्याकाळी पुन्हा एंगेज. पाहते तर नंबर परत जागेवर. डबा दर तासाला भाऊजींच्या कॉम्प्युटरला विचारायचा, काय हुकूम? इथे आपण काही करा, तिकडून येईल तेच खरं.

हे म्हणाले, "त्याला त्यातलं कळतं. आपण कशाला हात लावा?" यांचं निम्मं आयुष्य हात न लावण्यातच गेलंय.

मी भाऊजींना मोबाईल लावला.

"वहिनी, सेटिंग तुम्ही बदललंत ना? दिसलं मला."

"मावशींचा नंबर तुम्ही बंद केलात?"

"तात्पुरता. तुम्ही आईचं बीपी कळवता ना, त्याचा मी आलेख काढला. मावशी बोलली की दुसऱ्या दिवशी बीपी वर. आकडे खोटं बोलत नाहीत."

"मग आता उतरलं का?"

"एवढ्यात नाही सांगता येणार."

"सोमवारी त्यांचं ऑपरेशन आहे, भाऊजी."

"म्हणूनच तर. आईला आत्ता ताण नको. नीट पार पडलं की सांगू हळूच."

"आणि नाही पडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. मी आहे ना."

आहेतच ते. देवालाही सर्वसाक्षी म्हणतात, पण तो दोन बहिणींच्या मध्ये फतकल मारून बसल्याचं मी कुठल्या पोथीत वाचलेलं नाही.

मी पुन्हा ते पान उघडलं. बाहेरून हुकूम घ्यायची सोय एका बारीकशा खुणेवर चालू होती. ती खूण काढली, पासवर्ड बदलला आणि मावशींचा नंबर पुसला. मग सासूबाईंपाशी बसून झालेलं सगळं सांगितलं.

त्यांनी डब्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "लहानपणी मांजराची पिल्लं अशीच खोक्यात कोंडायचा. वर म्हणायचा, ऊब देतोय."

थोड्या वेळानं फोन वाजला. त्यांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला.

"कुठं उलथली होतीस गं?... मला कुणी सांगितलं असतं तर केला नसता का मी?... घाबरतेस कसली? तुझ्यासारखीला यम दारातून परत पाठवील." एवढं बोलून त्या रडायला लागल्या, आणि रडता रडताच तिकडच्या रडण्यावर खेकसल्या.

माझा मोबाईल वाजला. भाऊजी.

"वहिनी, डबा बंद दिसतोय."

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे. "चालू आहे. तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

"पासवर्ड बदललात? सांगा बघू मला."

"नाही सांगणार."

"अहो, पण आईकडे लक्ष कोण ठेवणार?"

"मी याच घरात राहते."

"आणि मला आईशी बोलायचं असेल तर?"

"नंबर फिरवायचा, भाऊजी. मावशी फिरवतात तसाच. आत्ता मात्र लागायचा नाही. त्यांचं अजून भांडण चाललंय."