मण्याराने धरलेला हात

काचेची बांगडी तळहाताच्या रुंदीपेक्षा लहान असते, तरी ती मनगटावर जाते. हे कसं जमतं, ते मला जवळून पाहायचं होतं. एकसष्ट सालच्या वैशाखात बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी अमरावतीहून चांदूर बाजारला घरी आले होते. शेजारी किसनराव माळ्यांच्या माणिकचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. चुडा भरायच्या वेळी मी मुद्दाम मण्याराला, मुनीरचाचांना, लागून बसले.

"बी.एस्सी. झाली, अन् बांगडी कशी भरतात ते शिकून राहिली!" माणिकची भागीरथाआत्या म्हणाली. अंगणात बसलेल्या बाया हसल्या.

मुनीरचाचांनी मान वर केली नाही. "शिकू द्या की. काच वाकत नाई, बेटी. हात वाकते. अंगठा तळव्यात दुमडला का मनगटापर्यंत रस्ता होते."

चाचा आमच्या गल्लीचे मण्यार. त्यांच्या आधी त्यांचे वडील. गावातल्या मण्यारांनी गल्ल्या वाटून घेतल्या होत्या आणि एकाच्या गल्लीत दुसरा पाऊल टाकत नसे. चाचा घराच्या आत येऊन बसत, बायकांचे हात हातात घेत, पण नजर मनगटाच्या वर कधी नेत नसत. रस्त्यात आमची तोंडं त्यांना ओळखू आली नसती. हात हाती घेतला की मात्र बरोबर नाव सांगत. घरात पाहिलेलं, ऐकलेलं कुठे बोलत नसत. त्यामुळेच त्यांना आत जागा होती.

चुडा भरताना आमच्याकडे पहिला मान घरच्या सुनेचा असतो. तिच्यानंतर नवरी, मग बाकीच्या. किसनरावांची सून ललिता, अकोल्याची. उजवा हात पदरात गुंडाळून ती पाटावर बसली आणि तिनं डावा पुढे केला.

"तिले जास्त भरा चाचा," सासू दुर्गाबाई घाईनं म्हणाल्या. "पार कोपरापर्यंत भरा. लग्नाचं घर हाय."

चाचांनी नुसता तळवा पुढे धरला. "सुरुवात उजव्यापासून, दुर्गाबाई. शुभ काम हाय."

ललितानं उजवा हात दिला.

मी त्यांच्या मधेच बसले होते, म्हणून मला स्पष्ट दिसलं. मनगट सुजलं होतं. एका बाजूला चार निळे डाग ओळीनं, दुसऱ्या बाजूला एक मोठा, अंगठ्याच्या मापाचा. पडून, आपटून अशी खूण उठत नाही. कुणीतरी मूठ आवळून पिरगाळल्याशिवाय ती उठत नाही. वर जुन्या बांगड्यांची काच घुसल्याचे बारीक ओरखडे होते.

चाचांचा हात थांबला. फक्त आम्हा दोघींना ऐकू येईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बेटी, बोलू काय?"

ललितानं सासूकडे पाहिलं. मग हळद लागलेल्या नणंदेकडे पाहिलं.

"बोला," ती म्हणाली.

चाचांनी सोडवलेल्या हिरव्या बांगड्या एकेक करून पुन्हा दोरीत ओवायला घेतल्या. दुर्गाबाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"हे काय करून राहिले चाचा?"

"आज या घरात मी बांगडी भरत नाई."

"काहून? सकाळी वऱ्हाड येऊन राहिलं!"

"देवीदासले बोलवा."

देवीदास म्हणजे ललिताचा नवरा. तो मांडवात दोर बांधत होता. तो आला, त्याच्यामागे किसनराव आले. चाचांनी ललिताच्या हाताकडे बोट केलं नाही, पण तिनंच पदर मागे सारला आणि मनगट सगळ्यांसमोर गुडघ्यावर ठेवलं.

"मागच्या सक्रांतीले असाच डाग होता," चाचा म्हणाले. "दुर्गाबाईनं सांगितलं, जास्त भरा. मी भरल्या. घरची गोष्ट बाहीर सांगू नाई, अमानत हाय, असं समजून भरल्या. पन नमाजले उभं राहाच्या आधी मी हेच हात धुतो. यानं जुलूम झाकाचा, अन् मंग यालेच पानी लावाचं? कायचं धुनं झालं थे?"

किसनरावांचा आवाज चढला. "मुनीर, लय बोलला. मी दुसरा मण्यार आनतो."

"आना. मी गल्ली सोडली म्हून सांगतो, कोनीबी येईन. त्याले पयले हा हात दाखवजा."

"तू मुसलमान मानूस," देवीदास पुढे आला. "आमच्या घरच्या गोष्टीत तुले काय करा लागते?"

"मुसलमान हाय म्हनूनच बोलून राहिलो, बापा. आमच्या पैगंबरसाहेबांनं सांगितलं, भावाची मदत करा, त्याच्यावर जुलूम होत असो का तो सोता जुलूम करत असो. लोकायनं इचारलं, जुलूम करनाराची मदत कशी कराची? तर म्हनाले, त्याचा हात धरा." चाचांनी समोरची जागा दाखवली. "बस इथं. मदत करतो तुही."

देवीदास खेकसला आणि चाचांना उठवायला त्यानं हात पुढे केला. चाचांनी तो हात धरला. रोज बायकांचा धरत तसाच, अंगठा तळव्यात दुमडून, बोटांची मुळं एकत्र आणून. देवीदासनं हिसका दिला. हात सुटला नाही. मला गंमत वाटली ती ही की चाचा जोर लावतच नव्हते. अंगठा आत गेला की मूठ वळत नाही, आणि मूठ नसली की ओढणाऱ्याला ताकद कुठून लावावी ते कळत नाही. देवीदास उभ्याचा बसला.

"सोड!"

"सोडतो. हात तुहाच हाय, तुलेच परत देतो. पन काय करनार त्याचं, थे सांग."

भागीरथाआत्याला हसू आवरेना. "अरे देव्या, म्हाताऱ्याच्या हातून सुटत नाई तुले! घरात तर पयलवान होता!"

"आत्या, तू चूप बस!"

"काहून बसू? सत्तर वर्सं चूपच बसली मी."

तेवढ्यात माणिकनं आपले दोन्ही हात साडीच्या पदराखाली लपवले. "वहिनीच्या हातात पयली बांगडी जाईन, तवाच मी भरीन."

"येडी झाली का तू?" दुर्गाबाई ओरडल्या. "बिनचुड्याची उभी राहशीन बोहल्यावर?"

"राहीन."

"मंग आमीबी नाई भरत," कोपऱ्यातून आशाबाई म्हणाल्या. त्या आमच्याच गल्लीतल्या. त्यांनी हात काखेत घातले. त्यांच्या शेजारणीनं घातले. मीही घातले. बांगड्या भरायला जमलेलं ते अंगण, आणि एकही हात दिसेना.

किसनराव पुढे आले. मग मुलासमोर जमिनीवर बसले. "बोल," ते म्हणाले. "माह्याकडं पाहू नको. बोल."

"नाई उचलनार हात," देवीदास पुटपुटला.

"मले नको सांगू," चाचा म्हणाले. "जिच्यावर उचलला, तिले सांग."

त्यानं मान वळवली. "ललिता, नाई उचलनार."

"पटलं काय, बेटी?"

"नाई," ललिता म्हणाली.

आम्ही सगळ्याच तिच्याकडे पाहत राहिलो. लग्न होऊन आल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"त्यायनं मांगंबी म्हटलं होतं. मामंजी, तुमी सबद द्या. मले अकोल्याले भावाकडं जावं वाटलं तर मी जाईन, कोनी दारात आडवं येनार नाई. अन् दर सनाले चाचा पयले माहा हात पाहतीन. झाकून नाई, ओट्यावर. सगळ्याईसमोर."

"ओट्यावर?" दुर्गाबाई म्हणाल्या. "गल्ली काय म्हनीन?"

"गल्ली इथंच बसली हाय सारी," आत्या म्हणाली.

किसनरावांनी सुनेच्या मनगटाकडे पाहिलं. "दिला सबद," ते म्हणाले. "मी हाय तोवर दिला. अन् देव्या, तुनं मोडला तर घराबाहीर तू जाशीन. ललिता नाई."

चाचांनी देवीदासचा हात सोडला. आणि सोडण्याआधी, कुणाला अपेक्षा नसताना, त्याच्या पालथ्या हातावर थोपटलं. "जा बेटा. मांडव बांध. बहीन तुही हाय."

मग त्यांनी ललिताचा डावा हात घेतला, "बिस्मिल्ला" म्हणाले, आणि पहिली हिरवी बांगडी चढवली. उजव्यात त्यांनी काहीच भरलं नाही. सूज उतरल्यावर भरू, म्हणाले. दुर्गाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण ललितानं तो हात पदराखाली नेलाच नाही.

त्यानंतर माणिकनं हात पुढे केले आणि अंगणात एकदम गलका झाला. बांगड्या मला आधी, मला आधी. आशाबाईंना लाल ठिपक्यांच्याच हव्या होत्या. आत्या म्हणाली, तिला आज पोरीसारख्या रंगीत पाहिजेत. मीही भरल्या. भरून होईस्तोवर चाचांचे डोळे मनगटांवरच होते. चाचा निघाले तेव्हा दुर्गाबाईंनी तांदूळ आणि नारळ आणून दिला, तर तो कानाशी हलवून म्हणाले, "यात पानीच नाई. दुसरा पाहा." दुर्गाबाई निमूट आत गेल्या आणि मोठा नारळ घेऊन आल्या.

लग्नात ललिता उजवं मनगट उघडं ठेवून पंगतीत वाढत होती. वऱ्हाडातल्या एका बाईनं विचारलं, "हे काय झालं वो?" ललितानं सरळ सांगितलं. देवीदास पलीकडेच पाण्याची घागर घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि पाणी वाढत राहिला.

पुढे काय झालं, असं मला एम.एस्सी.च्या वर्गातल्या मैत्रिणी विचारत. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये, हे मला शिकवलेलं आहे. म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगते. त्या वर्षीच्या नागपंचमीला मी घरी होते. चाचा गल्लीच्या तोंडाशी आले आणि त्यांनी हाक दिली, "ललिता बेटी, हात!" गल्लीतली दारं उघडली. पुरुषमाणसंही बाहेर आली. काही जण जरा अस्वस्थ दिसले, कारण आशाबाईंच्या सुनेनं आणि आणखी दोघींनी "चाचा, आमचेबी पाहा" म्हणून ओट्यावर जागा धरली होती. ललिता कामातून उठून आली, हाताला कणीक तशीच. अकोल्याहून परत येऊन तिला आठवडाही झाला नव्हता. चाचा पायरीपाशी पोचेपर्यंत ती थांबली नाही. ओट्यावर उभी राहून तिनं एकही डाग नसलेले दोन्ही हात डोक्याच्या वर केले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना दिसावेत म्हणून सावकाश फिरवले.