खळीतले अंगठे

अप्पासाहेबांनी दुकानात जाऊन खळ मागितली, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

मल्हारगंजातल्या त्या दुकानदाराला मराठी येत नव्हतं. "भिया, खळ द्या," म्हटल्यावर त्याला ऐकू आलं 'खल', म्हणजे हिंदीत पेंड, आणि त्याने सरकीच्या पेंडीचा भुगा पुडीत बांधून दिला. अप्पासाहेबांनी जन्मात कधी खळ शिजवली नव्हती. घरी येऊन त्यांनी तो भुगा गरम पाण्यात कालवला आणि पगडीच्या पुढच्या पेचावर चोपडला.

त्यांची नात कस्तुरी तुकोगंजमधल्या लॅबमधून दुपारी घरी आली, तेव्हा बैठकीत गोठ्याचा वास भरला होता.

"अप्पा, हे काय?"

"खळ. पेच ढिले पडले होते ना, म्हटलं जरा टाइट करू."

"अहो, ही गुरांची पेंड आहे! दसऱ्याला म्हैस घालणार आहे का पगडी?"

बोलून गेली, पण त्यांचा चेहरा पाहून तिने हसू गिळलं. ती मोतिया रंगाची सुती पगडी वासुदेवआजोबांनी, अप्पासाहेबांच्या धाकट्या भावाने, गेल्या दसऱ्याला बांधली होती. होळकरांच्या फौजेतल्या पूर्वजांपासून चालत आलेली ही बांधणी घरात एकट्या त्यांनाच यायची. फाल्गुनात ते गेले.

"धुवावी लागेल," कस्तुरी म्हणाली. "नाहीतर मुंग्या लागतील."

"धुतली की सुटेल. सुटली की खतम." अप्पासाहेब पगडीकडे बघत राहिले. "त्याच्या हातची शेवटची आहे, बेटा."

कस्तुरी पगडी घेऊन खिडकीशी बसली. वासुदेवआजोबा सबंध कापडाला खळ लावत नसत. साबुदाण्याच्या खळीच्या वाटीत अंगठा बुडवायचा आणि पेच जिथे धरायचा तिथेच दाबायचा, ही त्यांची रीत. तिला ते आठवलं आणि ती बसल्या जागी ताठ झाली.

कापूस म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. खळही त्याच मण्यांची. पण कापसात एक मणी सुलटा, पुढचा उलटा असा ओवलेला असतो, म्हणून माळ सरळ राहते. खळीत सगळे एकाच अंगाने असतात, म्हणून माळ वळत वळत गोल जिन्यासारखी चढते. त्या जिन्यात आयोडीन शिरलं की निळाई उमटते. कापूस तसा निळा होत नाही. पेंडही नाही, सरकीत स्टार्च जवळपास नसतोच.

"अंगठ्यांचे ठसे सापडले तर पगडी परत तशीच बांधता येईल, अप्पा," म्हणत तिने ती एकेक पेच उलगडली आणि कापड आतल्या बाजूने चटईवर पसरलं. मग औषधांच्या डब्यातलं आयोडीन अगदी पातळ करून मऊ ब्रशने हळूच फिरवलं.

आधी नुसता चहासारखा रंग दिसला. मग एक निळा ठिपका. वीतभर पुढे दुसरा, जरा तिरपा. मग तिसरा. निळे अंगठे कापडावरून चालत निघाले, जणू वासुदेवआजोबा आत्ताच ओल्या पावलांनी खोलीतून गेले होते. दुपारचं ऊन चटईवर सरकत होतं आणि दोघंही त्या पावलांमागून गुडघ्यांवर रांगत होती.

"हा तिसरा पेच," अप्पासाहेब कुजबुजले. "इथे तो श्वास रोखून धरायचा."

निळाई टिकणार नव्हती. कस्तुरीने सुईत लाल दोरा ओवला आणि प्रत्येक ठशावर एकेक टाका घातला. वळणाची दिशा ठशाच्या तिरपेपणावरून कळत होती. सत्तावीस टाके झाले.

अठ्ठाविसावा ठसा कापडाच्या अगदी आतल्या टोकाला होता, जिथून बांधणी सुरू होते. बाकीच्यांहून रुंद, आणि मधोमध एक रेघ कोरी.

"हा वासुदेवआजोबांचा वाटत नाही," ती म्हणाली.

अप्पासाहेबांनी आपला उजवा अंगठा उन्हात धरला. लहानपणी अडकित्त्यात सापडलेला; व्रण मधोमध होता. त्यांनी तो ठशावर टेकवला. तंतोतंत बसला.

"दर साली सुरुवातीला म्हणायचा, दादा, वाटीत अंगठा बुडव आणि टोक दाबून धर. मला वाटायचं, उगाच कामाला लावतोय."

संध्याकाळी धुतलेलं कापड दोरीवर वाळलं. निळाई गेली होती, टाके होते. कस्तुरीने साबुदाण्याची खळ शिजवली, वाटी अप्पासाहेबांपुढे ठेवली आणि सुटं टोक हातात घेतलं.

"दाबून धरा, अप्पा," ती म्हणाली. "पहिला तुमचाच आहे."