सहीवरचा शब्द

जयतीर्थ मास्तरांच्या वर्गात शब्दकोश आणायला बंदी होती. जयनगरात चौथ्या ब्लॉकमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर ते दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. फळ्यावर एक शब्द लिहायचे, त्याखाली तीन वाक्यं. मग ती वाक्यं कन्नडात सांगताना तेवढा एक शब्द तसाच ठेवायचे. अर्थ ज्याचा त्याने शोधायचा.

त्या रविवारी शब्द होता ‘व्हॉलंटरी’.

“रक्तदान व्हॉलंटरी असतं,” मास्तर म्हणाले. “शाळेतली हजेरी व्हॉलंटरी नसते, माझ्या वर्गाला येणं मात्र व्हॉलंटरी. आणि पोलिसांनी बडवून घेतलेला जबाब कोर्ट व्हॉलंटरी धरत नाही. सांगा, अर्थ काय?”

शेवटच्या बाकावरच्या मथुराला अर्थ पहिल्याच वाक्याला कळला होता. तिसऱ्या वाक्यापर्यंत तिचे कान तापले. हा शब्द तिने पाहिला होता. चारच दिवसांपूर्वी, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, स्वतःच्या सहीच्या वर.

मथुरा अडतीस वर्षांची. तिच्या सासरची तिसरी पिढी बंगळुरात नांदत होती. नवरा मालोजी शिंपीकाम करायचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. बारा वर्षं ती विजेच्या मीटरमधल्या कॉइल गुंडाळत होती. केसासारखी तांब्याची तार हाताळून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. त्या विभागात बायका अकरा. नीट लिहिता-वाचता येणारी ती एकटीच, त्यात आता इंग्रजीच्या वर्गालाही जाणारी. त्यामुळे कोणताही कागद आला की बाकीच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायच्या.

बुधवारी पुण्याहून नवीन आलेले पर्सोनेल ऑफिसर उल्हास साहेब टाइप केलेले कागद घेऊन आले होते.

“मथुराताई, ओळखपत्रं बदलतायत. हेड ऑफिसला रेकॉर्ड हवंय. सगळ्यांच्या सह्या घेऊन टाका.”

तिने अक्षरं जुळवून बघितली. एका लांबलचक शब्दाशी अडली. विचारावं असं मनात आलं, पण दहा बायकांसमोर येत नाही म्हणायची लाज वाटली. ती थबकलेली बघून साहेब हसले. “अहो, आपण एका भाषेची माणसं. मी तुम्हाला फसवीन का?”

त्या कारखान्यात बारा वर्षांत तिच्याशी कोणी मराठीत बोललं नव्हतं. तिने सही केली आणि वळून शेजारी काम करणाऱ्या तुंगाबाईला म्हणाली, “कर सही अक्का. काही नाही त्यात.” दहा जणींनी तिच्या मागोमाग सह्या केल्या.

आता ती बाकावरून उठली. “मास्तर, रिझाइन म्हणजे?”

“राजीनामा देणं. का?”

“‘आय व्हॉलंटरीली रिझाइन.’ हे वाक्य बरोबर आहे?”

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. “वाक्य बरोबर आहे. पण तू कुठे वाचलंस?”

ती पिशवी उचलून जिना उतरली.

घरी मालोजीने सगळं ऐकून घेतलं. “स्वल्प थांब,” तो म्हणाला. “उद्या जा आणि शांतपणे विचार.”

“शांतपणे?” मथुरा ओरडली. “शांतच तर होते मी! बुधवारी तोंड उघडलं असतं तर आज दहा घरांच्या चुली माझ्या मानेवर बसल्या नसत्या!”

सोमवारी ती थेट उल्हास साहेबांच्या खोलीत शिरली.

“माझा कागद दाखवा.”

“कसला कागद?”

“राजीनाम्याचा.”

साहेबांनी उठून दार लावलं. “बसा ताई.”

“नाही बसत.”

“हे बघा, पुढच्या महिन्यात कॉइलची मशिनं येतायत. तुमचा विभाग बंदच होणार होता. मी वरच्यांचा हुकूम पाळला. उगाच तमाशा करू नका, इथल्या लोकांसमोर आपलंच हसं होईल.”

“आपलं? कोणाचं आपलं?” तिचा आवाज चिरकला. “तीन पिढ्या परक्या मुलखात जपलीय आम्ही ही भाषा. पोरं कंटाळली तरी घरात दुसरं बोलू दिलं नाही. आणि तुम्ही ती गळाला लावलीत? गांडुळासारखी?”

“आवाज खाली! सही तुमचीच आहे ना? हात धरला होता का कोणी?”

ती वळली. हात कोणीच धरला नव्हता. दाराबाहेर येईपर्यंत तिला साहेबाचा जितका राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा येत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने दहा जणींना खरं काय ते सांगितलं. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या. तुंगाबाईने डबा झाकला. मग म्हणाली, “तू म्हणालीस म्हणून केली मी सही.”

“हो. माझंच चुकलं. मारायचं तर मार, पण आधी हे ऐक.”

मथुराने वहीचं पान फाडून इंग्रजीत लिहिलं : आम्ही स्वखुशीने राजीनामा दिला नाही, ओळखपत्राचं सांगून सह्या घेतल्या. स्पेलिंगं चुकली, खाडाखोड झाली. प्रत्येकीला तिने शब्दन् शब्द कन्नडात सांगितला, उलट म्हणून घेतला, मगच सही करू दिली. तुंगाबाईने तीनदा वाचायला लावलं.

घंटा झाली तरी अकरापैकी एकही बाई कामावर बसली नाही. शेवटी मॅनेजर सुब्बाराव स्वतः खाली आले. उभ्या उभ्या त्यांनी पान वाचलं आणि सोबत घेऊन गेले.

गुरुवारी दहा जणींचे राजीनामे परत मिळाले. त्यांना पॅकिंगमध्ये घेतलं. मथुराचा राजीनामा मात्र मंजूर झाला. बाईंना इंग्रजी वाचता येतं, त्यांनी स्वतः पत्र लिहून ते सिद्ध केलं आहे, सबब त्यांची फसवणूक झाली असं मानता येत नाही, असं लेखी उत्तर आलं. त्याखाली सही उल्हास साहेबांची होती.

पुढच्या सोमवारी ती तक्रारीचा अर्ज घेऊन कामगार खात्याच्या कचेरीत गेली. तुंगाबाई साक्षीला अर्धी रजा टाकून आली होती. वहीच्या पानावर सही केल्यापासून ती मथुराशी एक शब्द बोलली नव्हती आणि आजही बाकावर दोन हात दूर बसली होती.

कारकुनाने अर्ज चाळला. “कन्नडात लिहायचा होता. इंग्रजीत कशाला?”

“त्यांनी इंग्रजीत काढलंय मला.”

“कोणी लिहून दिला?”

“मीच लिहिला.”

“चुका आहेत बऱ्याच.”

“असू देत,” मथुरा म्हणाली. “शिक्का मारा आणि तारीख घाला. मी वाचल्याशिवाय इथून हलणार नाही.”