समुद्रावरची संकष्टी

जयमालाची संकष्टी कधी कॅलेंडर बघून सुटली नाही. चंद्रोदयाची वेळ तिथं छापलेली असे, पण तिचा नेम होता, चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घास नाही. आता थेरगावात डांगे चौकामागच्या तिच्या खोलीतून चंद्र दिसायचा तरी कुठून? चहूबाजूंनी बिल्डिंगा उठलेल्या. म्हणून नवराबायकोनं आपसात एक तोड काढली होती. भीमराज चाकणच्या कंपनीत, बहुतेक सेकंड शिफ्टला. कुरुळीच्या अंगाला कंपनीचं मागचं आवार मोकळं होतं. तिथं तो जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभा राही आणि चंद्र वर आला की फोन करी.

“उगवला गं. जेव आता.”

एवढंच. त्यानं पाहिलं ते आपण पाहिलं असं मानून ती अर्घ्य देई, बाप्पाला नैवेद्य दाखवी आणि घास घेई. तिनं घास घेतला हे कानानं ऐकल्याशिवाय तो फोन ठेवत नसे. लोक हसत. हसेनात का.

दिवाळीच्या तोंडावर तो गेला. कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. दमून झोपलाय असंच सगळ्यांना वाटलं. थेरगावचा स्टॉप आला, शेजारच्यानं हलवलं, तेव्हा कळलं.

त्यानंतरही तिनं संकष्टी सोडली नाही, पण ती रात्री सुटेचना. मुलगा, समर्थ, गच्चीवर जाऊन बघून यायचा, “आई, दिसला” म्हणायचा. ती मान हलवून पान वाढून घ्यायची, पण हात तोंडाकडे जायचा नाही. ताट झाकून ठेवायची आणि पाणी पिऊन पडायची. त्यात हट्ट नव्हता. ज्याच्या सांगण्यावर उपास सुटायचा तो माणूसच नव्हता.

तो या महिन्यात रिटायर व्हायचा होता. दोघंही मराठवाड्यातली, समुद्र कुणीच पाहिलेला नाही. तो म्हणायचा, रिटायर झालो की पहिली संकष्टी दिवेआगरला करू. पाण्यातून चंद्र वर येताना तुला दाखवतो. मग फोनची गरज नाही.

ती संकष्टी आली तशी जयमालानं पिशवी भरली. समर्थ म्हणाला, मी येतो. ती हळूच म्हणाली, नको रे, हे आमच्या दोघांतलं होतं. जिना उतरताना घरमालकीण सुमनताईंचा आवाज कानावर आला. त्या सुनेला सांगत होत्या, “वरीस सरलं न्हाई अन् ही निघाली दर्याची हवा खायाला.” जयमालानं खाली वाकून चपला घातल्या. वल्लभनगरहून एसटी मिळाली. खिडकीची जागा रिकामी होती, तरी ती अलीकडच्या जागेवरच बसली. खिडकी त्याची.

दिवेआगरला अंबुबाईंच्या घरी उतरायची सोय होती. त्यांनी उपासाचं ऐकून मोदकांची उकड काढायला घेतली. दिवस कलताच जयमाला तांब्या घेऊन सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत जाऊन बसली, पाण्याकडे तोंड करून. सूर्य बुडाला. अंधार पडला. अथर्वशीर्ष म्हणून झालं, पुन्हा म्हणून झालं. चंद्र काही येईना. लाटांचा फेस हळूहळू उजळत चालला, तसं तिला वाटलं, आता येईल. आणि पोटात भुकेनं खड्डा पडलेला असतानाही मनात आलं, नाहीच आला तर बरं. आला तर सांगणार कोण?

मागून बॅटरी घेऊन अंबुबाई आल्या. एका हातात झाकलेली ताटली, काखेत मोदकांचा डबा.

“तिकडे काय बघताय, वहिनी? आमच्याकडे समुद्रात चंद्र बुडतो. उगवतो तो डोंगरावर.”

जयमालानं मान वळवली. सुरूच्या शेंड्यांवर चंद्र कधीचाच आला होता. तिची स्वतःची सावली पुढ्यात वाळूवर पडलेली होती आणि तिचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं. मनातच ती भीमराजला म्हणाली, अहो, फसलो की आपण दोघंही! हात कमरेच्या पिशवीकडे गेला, फोनवर बोट टेकलं आणि तिथंच थांबलं.

डोंगराच्या पलीकडे घाट, घाटाच्या पलीकडे चाकण. तो ज्या अंगाला बघत उभा राहायचा, त्याच अंगाला ती इतका वेळ पाठ करून बसली होती.

“उगवलाय हो,” अंबुबाई म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. “जेवा आता.”

तिनं उठून चंद्राला अर्घ्य दिलं. तांब्यातलं पाणी वाळूत मुरलं. नैवेद्य दाखवला. मग ताटलीतला मोदक उचलला आणि हात तोंडाकडे गेला. ती थोडी थांबली, पलीकडून कुणी ऐकत असल्यासारखी. नुसता लाटांचा आवाज.

मोदक गोड लागला. ह्यांच्या फोनशिवाय, ह्यांच्याशिवायसुद्धा गोड लागला, आणि याचंच तिला रडू फुटलं. इतके महिने सांभाळलेली उपाशी रात्र अशी एका घासानं संपली होती. आता हे खरोखरच गेले.

 अंबुबाई शेजारी वाळूत बसल्या. डबा उघडून म्हणाल्या, आणखी एक वाढू?

जयमालानं पदरानं तोंड पुसलं आणि ताटली पुढे केली.