एकेचाळीस पत्रं

कोंडाबाईचा संशय काही उगाच नव्हता. आता तुम्हीच सांगा, तरण्याताठ्या पाळकाला भर दुपारी मिशनच्या कपाटात डोकं घालून बसायची काय हौस असावी? लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि उदगीरच्या वाटेवरची मिशनची जमीन विकत मिळेल का, असं जो तो विचारून राहिला होता.

त्यात दुष्काळ. गावातले आड आटले, राहिली ती एक मिशनची विहीर. कोंडाबाई तिच्या शेजारच्याच खोलीत राहायची आणि चर्च झाडायची. पाणी न्यायला साऱ्या आळ्यांच्या बाया यायच्या. वाण्याची महादेवी तर रोज जाताना विचारायची, "उद्या येऊ ना, मावशी?" कोंडाबाई म्हणायची, "इचारतीस काय, ये की." पाळकानं जागेसकट ही विहीर विकली तर या बायांनी जायचं कुठं, या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

कपाटाला कुलपं दोन. एक किल्ली पाळकाकडे, दुसरी कोंडाबाईच्या कमरेला. ही रीत ओनीलसाहेबाची. हा आयरिश पाद्री इथं आला, विहीर खोदली आणि म्हातारा होऊन इथंच मातीआड झाला. कपाटात त्याचे जमिनीचे निजामाच्या काळातले उर्दू कागद होते, आणि आयर्लंडच्या मंत्र्या-पुढाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार. पत्रं एकेचाळीस. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं, मोजता मात्र पक्कं येत होतं. बसवंत पाळक वाचून उठला की ती मोजायची.

एका शनिवारी चाळीसच भरली.

रविवारी उपासना संपली, तशी कोंडाबाई दारात आडवी उभी राहिली.

"पाळकसाहेब, तुमच्या बायबलातनं कागद कसला डोकावतोय, दाखवा जरा."

बसवंतचा चेहरा उतरला. माथ्यावर आयर्लंड सरकारचं वीणेचं चित्र छापलेलं पत्र बायबलातून निघालं.

"वाचायला नेलं होतं," तो म्हणाला.

"मंग हितं बसून वाचायचं की. लपवायचं काय कारण?"

मंडळीतले पंच शेषेराव म्हणाले, "साहेब, हे बरं न्हाई." सगळ्यांदेखत पत्र कपाटात गेलं, दोन्ही कुलपं लागली. कोंडाबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

मंगळवारी शहरातून मिशन सोसायटीचे साहेब जीप घेऊन आले. नव्या जिल्ह्यात नोंदी करायच्यात, सगळे कागद न्यायचेत, म्हणाले. पाळक म्हणाला, "माझी किल्ली सापडत नाही." घ्या, चोराच्या मनात काय चाललंय ते कळलंच! कोंडाबाईनं सरळ खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यात हात घातला.

"ही काय, खिशातच हाय."

दोन्ही कुलपं तिनंच काढली. साहेबांच्या हातात पत्रं मोजून दिली, एकेचाळीसच्या एकेचाळीस. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." ती फुलून गेली.

जीप दिसेनाशी झाली तरी बसवंत पायरीवरच बसून होता.

"मावशी, विहिरीचा पैसा आयर्लंडच्या लोकांनी वर्गणी काढून दिलेला. विहीर साऱ्या गावाची राहील, मिशनलाही विकता येणार नाही, असं तिथल्या मंत्र्यानं त्या पत्रात लिहिलं होतं. खाली ओनीलसाहेबांची कबुलीची सही होती. सोसायटीनं विहिरीसकट जागेचा सौदा केलाय. सोमवारी मी ते पत्र लातूरला कलेक्टर कचेरीत दाखवणार होतो."

कोंडाबाईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "मला का न्हाई सांगितलं, लेकरा?"

"तुमची खोली सोसायटीची, पगार सोसायटीचा. रोज मोजत बसायचात. मला वाटलं, तुम्ही त्यांच्याच."

तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. तोही तिच्यासारखाच वागला होता.

तेवढ्यात महादेवी घागरी घेऊन आली. पाणी शेंदलं, घागर डोक्यावर घेतली आणि रोजच्यासारखं विचारलं, "उद्या येऊ ना, मावशी?"

कोंडाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आजच दोन घागरी जादा ने, बाई."