आईचं हिरवं नाक

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या एका मोटार कारखान्यात रवींद्रचं काम एवढंच, की बंपरचा पांढरा आणि दाराचा पांढरा जुळतो की नाही, ते यंत्राने मोजायचं; फरक चालण्याइतका असला, की ‘टॉलरन्समध्ये’. अशा माणसाच्या बायकोने त्याच्याच आईचं नाक हिरवं रंगवावं, याला काय म्हणावं?

वीणाच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये म्हणे फॉव्हिझम चालू होता. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी झाडं लाल केली, चेहरे हिरवे केले. लोकांनी त्यांना रानटी जनावरं म्हटलं आणि आता त्यांच्याच चित्रांसाठी लोक म्युझियमबाहेर रांगा लावतात. "दिसतं तसं नाही रे, वाटतं तसं रंगवायचं," वीणाने समजावलं. रविवारी हे चित्र लायब्ररीच्या प्रदर्शनात लागणार होतं. तिचं पहिलंच. म्हणजे अख्खं मराठी मंडळ बघणार, आणि व्हिडिओ कॉलवर नागपूरहून खुद्द आई. हिरवं नाक, केशरी गाल, कपाळावर जांभळा पट्टा! रवींद्रला दोन दिवस अन्न गोड लागेना.

शनिवारी वीणा ग्रोसरीला गेली आणि साहेबांनी उपकार करायचे ठरवले. आईचा वर्ण रवींद्रने घेतलाय, असं सगळे नातेवाईक म्हणत. मग अडलं कुठे? कामावरून घरी आणलेलं यंत्र त्याने स्वतःच्या हातावर टेकवलं, आकडे घेतले, वीणाच्याच रंगांतून तो वर्ण कालवला आणि नाक, गाल, कपाळ एकसारखं लिंपून काढलं. वाळल्यावर पुन्हा मोजलं. फरक जवळपास शून्य! त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

वीणा आली. पिशव्या खाली ठेवून चित्राकडे बघतच राहिली.

"टॉलरन्समध्ये आहे ना?" तिने एवढंच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. आनंदाने असतील, असं रवींद्रला वाटलं.

तिने सासूबाईंना कॉल लावला आणि फोन चित्राकडे वळवला.

"कोण गं ही?" आईने विचारलं.

"आई, तूच की!" रवींद्र पुढे सरसावला.

"मी? परवा वीणानं चित्राचा फोटो पाठवला, त्यात मी होते. तुझे बाबा चारचौघांत मला वाट्टेल ते बोलायचे, तेव्हा मी आतून पेटायचे आणि ओठ मिटून बसायचे ना, अगदी तशी. दोन दिवस तोच फोटो बघतेय. हिला तर आयुष्यात काही झालेलंच दिसत नाही."

रवींद्र टेबलावरचं यंत्र उगाच पुसू लागला.

"रवी," आई म्हणाली, "तुला मी अशी दिसायचे?"