सरावातली गाडी
समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्राभोवतालच्या गावांत आणीबाणीची तयारी नीट आहे का, सरकारी निधीतून घेतलेले भोंगे वाजतात का, दवाखान्याच्या गाड्या वेळेवर येतात का, हे तपासणं वालूरच्या शंभुराजचं काम होतं. त्या मंगळवारी तिथे सराव होता. मोबाईल बंद करून, हातात घड्याळ धरून तो एका शाळेपुढे उभा होता.

त्याच वेळी वालूरला त्याच्या वडिलांच्या, ईश्वरअप्पांच्या, छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी सेलूहून यायला सव्वा तास लागला. तोवर अप्पा गेले होते.

शंभुराज दुसऱ्या दिवशी पोचला. लिंगायत रीतीप्रमाणे अप्पांना बसवून, फुलं घालून ठेवलं होतं. माती देऊन आल्यावर आई, चन्नबसम्मा, त्याच्याजवळ येऊन बसली.

"तुमच्या तिथं गाडी किती वेळात आली रे?" तिने विचारलं.

त्याला खरं सांगवेना. "उशीरच झाला," तो म्हणाला.

"मंग तसंच लिही बाबा. कुणाची भीड धरू नको. वाट बघणं लय वाईट असतंय. मी सारखी दारात जाऊन बघायलते."

शंभुराजने मान खाली घातली. "आई, खोटं बोललो मी. अकराव्या मिनिटाला आली. आजारी तर कुणीच नव्हतं तिथं."

चन्नबसम्माने दाराकडे पाहिलं.

"म्हंजे येत असतेत गाड्या," ती हळूच म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदाच पदरात तोंड घालून रडू लागली.